बानाची लय आणि हलते चित्र

विद्यापीठीय कामकाजात 'प्रगती-अहवाल' नावाचा एक कागद असतो. गेल्या शैक्षणिक वर्षात जबलपूर येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहण्याचा योग आला, तेव्हा विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पाचा असा अहवाल लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. प्रकल्प संगीत आणि ॲनिमेशन ह्यांच्या मेळाचा होता. एका परधान गायकाने बानाच्या साथीने गायिलेले कथागीत आणि त्याच्या जोडीला गोंड शैलीतील हलती चित्रे, असे त्याचे स्वरूप. अहवालाच्या छापील नमुन्यात एक रकाना होता : 'पूर्ण झालेले काम (सेकंदांत)'. तो भरताना जी अडचण आली ती केवळ माझी किंवा त्या पाच विद्यार्थ्यांची नाही, भारतीय साहित्याच्या अभ्यासकांचीही आहे, असे वाटल्यावरून हे टिपण लिहीत आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मौखिक परंपरेतील गीतावर हलती चित्रे रचणे हे वरवर पाहता सजावटीचे काम वाटते, परंतु वस्तुतः ते पाठ-संपादनाचे काम आहे. चित्राच्या सोयीसाठी गीताचा काळ कापला की पाठच कापला जातो. असे असता ह्या प्रकल्पांचे परीक्षण तंत्राच्या व चित्रकलेच्या शिक्षकांवर सोपवून साहित्याच्या विभागांनी अलिप्त राहावे, हे मला योग्य वाटत नाही.

जबलपूर हे अशा कामाला योग्य ठिकाण आहे. शहराला लागून असलेले गढा ही गोंड राजवटीची जुनी राजधानी. मदनमहालाची टेकडी आजही त्या राजवटीची आठवण देत उभी आहे आणि १५६४ मध्ये मोगलांशी लढताना पडलेल्या राणी दुर्गावतीचे नाव येथील विद्यापीठाने धारण केले आहे. मराठीचा ह्या भूमीशी संबंध दोन प्रकारचा. पहिला राज्यकारभाराचा : १७८१ मध्ये सागरच्या मराठी सुभ्याने गढा-मंडला घेतले, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. दुसरा संबंध एका माणसाचा आहे आणि तो अधिक मोलाचा आहे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून आलेले शामराव हिवाळे १९३२ मध्ये व्हेरियर एल्विन ह्यांच्यासमवेत मंडला जिल्ह्यात गेले आणि पुढे अनेक वर्षे तेथील गोंड-परधानांमध्ये राहिले. दोघांनी मिळून मैकल टेकड्यांतील लोकगीतांचा संग्रह १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. १९४६ मध्ये हिवाळे ह्यांचे 'द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली' हे पुस्तक निघाले. एका मराठी माणसाने इंग्रजीत लिहिलेले हे पुस्तक परधान गायकांविषयीच्या अभ्यासाचा पाया मानावे लागेल.

परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. ठराविक वर्षांनी यजमान गोंडाच्या दारी जायचे, बाना वाजवून बडादेवाला जागवायचे, यजमानाची वंशावळ आणि गोंड राजांच्या कथा गायच्या आणि त्याबद्दल धान्य, वस्त्र, गुरे वा पैका दान म्हणून घ्यायचा, असा हा संबंध होता. बाना हे तीन तारांचे, गजाने वाजवायचे वाद्य. बडादेवाचा वास साजाच्या झाडात, ज्याला आपण ऐन म्हणतो त्यात. आणि बानाच्या नादावाचून तो जागा होत नाही, अशी श्रद्धा. परधानांच्या गाण्यात गोंडवानी, पंडवानी आणि रामायणी असे तीन मोठे कथासमूह येतात. ह्यांपैकी रामायणीचा नायक राम नाही, लक्ष्मण आहे. आणि अग्नीतून जाऊन आपले शुद्धपण सिद्ध करतो तोही लक्ष्मणच. रामकथेच्या तौलनिक अभ्यासकाला ह्याहून अधिक विचार करायला लावणारे रूपांतर क्वचितच मिळेल.

यजमानांची ऐपत खालावली, दान आटले आणि बाना हळूहळू गप्प झाला. ह्याच सुमारास दुसरी एक घटना घडली. भोपाळच्या भारत भवनाची उभारणी चालू असताना, १९८१ मध्ये, चित्रकार जगदीश स्वामीनाथन ह्यांनी पाठविलेल्या चमूला तेव्हाच्या मंडला, आताच्या दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढ गावी जनगढसिंह श्याम हा तरुण परधान भेटला. तो भोपाळला आला, कागदावर व कॅनव्हासवर रंगवू लागला, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली आणि त्याच्या शैलीला 'जनगढ कलम' असे नाव पडले. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असता त्याने आत्महत्या केली. त्याच्यामागे त्याच्या नातलगांनी आणि गावकऱ्यांनी ती शैली पुढे नेली. भज्जू श्याम ह्यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम ह्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हिंदी कवी उदयन वाजपेयी ह्यांनी असे मत मांडले आहे की, परधानांचे संगीतच ह्या चित्रांत उतरले आहे. आकृती भरून टाकणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या आणि रेघांच्या रांगा पाहिल्या की हे मत पटू लागते. परंतु त्यातून एक निष्कर्ष निघतो, तिकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. जे चित्र आधीच आपल्या ठिपक्यांनी कंप पावत आहे त्याला संगणकावर हलवून आपण नेमके काय देणार? आणि ज्या गाण्याचे चित्र झाले ते गाणे त्या चित्राशेजारी पुन्हा आणून ठेवताना दोघांपैकी मुख्य कोण?

आमच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या खेपेस हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी दिंडोरीकडील एका वृद्ध गायकाकडून रामायणीतील एक कथाभाग ध्वनिमुद्रित करून आणला होता. मुले त्यांना 'बब्बा' म्हणत. मीही येथे तेच नाव वापरतो. लक्ष्मण रात्री किंगरी वाजवीत बसतो, त्या नादाने इंद्रलोकीची अप्सरा खाली येते, तो तिला नाकारतो, ती त्याच्यावर संशय येईल अशी खूण मागे ठेवून जाते आणि तेथून प्रकरण अग्निपरीक्षेपर्यंत पोहोचते. निवड चांगली होती, कारण कथेतील नायकाच्या हाती वाद्य आणि कथा सांगणाऱ्याच्याही हाती वाद्य. मुद्रण सुमारे चाळीस मिनिटांचे होते. प्रकल्पाच्या नियमांनुसार चित्रपट पाच मिनिटांचा हवा होता. मुलांनी आधी कथेचे प्रसंग पाडले, प्रसंगांची चित्रे केली आणि मग चित्रांना पुरेल एवढे गाणे मुद्रणातून कापून घेतले. 'ज्या जागी काही घडत नाही' त्या जागा गाळल्या : ध्रुपदाच्या आवृत्त्या, मध्ये मध्ये नुसताच वाजणारा बाना, आणि यजमानाच्या कुळीचा उल्लेख.

पुढची अडचण लयीची होती. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस फ्रेम जातात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुधा दोन फ्रेमांना एक चित्र ह्या हिशेबाने सेकंदाला बारा चित्रे लागतात. म्हणजे एका मिनिटाला सातशेवीस. मिनिटाला साठ मात्रांची लय असेल तर एका मात्रेला चोवीस फ्रेम येतात, नव्वदची असेल तर सोळा. हिशेब सुटसुटीत आहे. परंतु लय शंभरावर गेली की मात्रेला चौदा पूर्णांक चार दशांश फ्रेम येतात आणि अपूर्णांकातली फ्रेम अस्तित्वात नसते. शिवाय गायकाची लय घड्याळासारखी नसते. कथा तापली की ती चढते, श्वास संपला की थबकते. विद्यार्थ्यांनी ह्यावर संगणकीय उपाय शोधला. गळ्यातून आलेले स्वर कोठे ताणून, कोठे आखडून त्यांनी सारे गाणे नव्वद मात्रांवर आणून बसविले. आता प्रत्येक ठोक्याला पान हलत होते, हरणाचे शिंग फुटत होते, मोराचा पिसारा उघडत होता. पाहणाऱ्यांनी वाहवा केली आणि मीही केली, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

थंडीत आम्ही ते काम घेऊन बब्बांच्या अंगणात गेलो. बाजेवर संगणक ठेवून चित्रपट दाखविला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, मोर पुन्हा एकदा दाखवा म्हणाले, आणि मग विचारले, "हे इतक्या घाईने कोण गातंय?" आवाज त्यांचाच होता. ते मुलांना सांगावे लागले, आणि सांगताना कोणाला धड बोलता येईना. त्यांनी मात्र राग मानला नाही. "गाणं लहान हवं होतं तर मला सांगायचंत," एवढेच म्हणाले, आणि बाना उतरवून घेतला.

त्या दिवशी त्यांनी तोच कथाभाग नऊ मिनिटांत गाऊन दाखविला. ह्या गाण्यात त्यांनी काय ठेवले आणि काय सोडले हे माझ्या दृष्टीने ह्या सबंध प्रकल्पाचे सर्वांत मोठे फलित आहे. मुलांनी जे गाळले होते ते त्यांनी ठेवले : यजमानाच्या कुळीचा उल्लेख, ध्रुपद, आणि लक्ष्मण वाजवू लागतो तेथे शब्दांवाचून चाललेला बाना. मुलांनी ज्याच्यावर सर्वाधिक चित्रे खर्च केली होती तो अप्सरेच्या अवतरणाचा प्रसंग त्यांनी एका ओळीत आटोपला. कारण विचारता म्हणाले की, अप्सरा येणार हे सगळ्यांनाच ठाऊक असते. नाद कसा होता ते ऐकायला लोक बसतात.

येथे आपल्या जुन्या परंपरांकडे वळून पाहणे उपयोगी पडेल. चित्र दाखवून कथा गाण्याची चाल ह्या देशात फार जुनी आहे. 'मुद्राराक्षसा'तील हेर यमपट घेऊन फिरतो. बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त यमपट दाखविणाऱ्याभोवती बाजारात मुले गोळा झालेली दिसतात. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने चित्रकथी जतन केली. ह्या परंपरेचे वारसदार परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. चित्रकथीची पोथी सुट्या चित्रांची असते. गायक एकेक चित्र समोर धरतो. वीणा, टाळ, हुडुक ह्यांच्या साथीने त्या प्रसंगाचे गायन व निरूपण करतो. आणि प्रसंग संपला की चित्र बदलतो. चित्र किती वेळ समोर राहायचे हे गाणे ठरविते. पात्रांचे डोळे मोठे, मुद्रा ठाशीव, हालचाल गोठलेली. ते चित्र स्वतः हलत नाही, म्हणूनच त्याच्यापुढे आवाजाला हालचालीस वाव मिळतो. युद्धाच्या चित्रात उगारलेला हात गायकाच्या स्वराने खाली येतो आणि तो खाली येताना प्रेक्षकाला दिसतो.

ॲनिमेशन ही वाटणी उलटी करू शकते. हालचाल चित्राकडे गेली की आवाजाला काम उरत नाही. तो पार्श्वभूमीला जातो. परंतु असे होणे अटळ आहे असे मात्र नाही, आणि ह्याचा दाखला ॲनिमेशनच्या इतिहासातच आहे. डिस्ने ह्यांच्या १९२८ च्या 'स्टीमबोट विली'पासून ठोक्यागणिक फ्रेमा मोजण्याचे शास्त्र तयार झाले. तेथे संगीत हे चित्राच्या प्रत्येक पावलाला टाळी देणारे झाले. ह्या सवयीला पुढे 'मिकी-माउसिंग' असे थट्टेचे नाव पडले. त्याआधी, १९२१ मध्ये, जर्मनीत वाल्टर रुटमान ह्यांनी 'ओपस' मालिकेतील पहिला अमूर्त चित्रपट केला आणि ऑस्कर फिशिंगर प्रभृतींनी ती वाट पुढे नेली. त्यांना चित्राचे संगीत करायचे होते. परंतु त्यांच्यापुढील संगीत बहुतांशी शब्दरहित होते. आपल्यापुढील प्रश्न निराळा आहे, कारण आपले गाणे कथा सांगते आणि त्याला भाषा आहे.

मराठी माणसांचा ॲनिमेशनशी संबंधही लहान नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये काड्यांना हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. ती अर्थातच मूक होती. 'प्रभात'ने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा व्यंगपट काढला. पुढे ज्या 'प्रभात'मध्ये घडले त्या वसंत देसायांनी संगीत दिलेला, विजया मुळे ह्यांनी दिग्दर्शित केलेला आणि भीमसेन ह्यांच्या चित्रांनी सजलेला 'एक अनेक और एकता' हा लघुपट १९७४ मध्ये आला. ज्या पिढीने तो दूरदर्शनवर पाहिला तिला त्यातील गाणे पाठ आहे. चित्रे आठवतात तीही गाण्याच्या ओघात. तेथे चित्र साधे ठेवले आहे आणि गाण्याच्या प्रश्नोत्तरी चालीने ते पुढे सरकते. चित्राने गाण्याचा काळ मानला तर काय साधते ह्याचे हे आपल्या घरचे उदाहरण आहे.

आणखी एक उदाहरण ह्याच परधान चित्रकारांचे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम ह्यांनी डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरील 'भीमायन' हे चित्रपुस्तक रंगविले. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रकथांत पात्रांना चौकोनी घरांत बसविण्याची रूढी आहे. व्याम दांपत्याने ती नाकारली आणि पानाची विभागणी भिंतींवर व अंगणात काढायच्या 'दिगना' ह्या वळणदार आकृतीने केली. त्यांनी अवकाशातली चौकट नाकारली. अंगणातल्या बब्बांनी नव्वद मात्रांची चौकट नाकारली ती काळातली. दोन्ही नकारांमागची जाण एकच असावी, असे मला वाटते.

अंगणातील त्या दिवसानंतर मुलांनी पहिले काम बाजूला ठेवले. हा निर्णय त्यांचा. मी फक्त संमती दिली. नऊ मिनिटांचे नवे गाणे त्यांनी न कापता, न ताणता घेतले. मात्रांचा तक्ता मोडून श्वासांचा तक्ता केला : गायक कोठे श्वास घेतो, कोठे गज उलटा फिरतो, कोठे ध्रुपदावर परततो, ह्यांच्या जागा फ्रेमांत नोंदविल्या आणि चित्रांचे बदल त्या जागांवर ठेवले. शब्द चालू असताना चित्र बहुतेक स्थिर राहते. बाना एकटा वाजू लागला की मगच ठिपके हलतात, तेही झाडाच्या एका फांदीवर. नऊ मिनिटांना बारा हजार नऊशेसाठ फ्रेमा लागतात. पूर्वीच्या हिशेबाने ह्याला सहा हजार चारशेऐंशी चित्रे काढावी लागली असती. आता त्याच्या अल्पांशाने भागते आहे. आज चार मिनिटांचे काम उभे आहे. पहिल्या आवृत्तीत पाच मिनिटे पूर्ण होती. रकान्याच्या भाषेत बोलायचे तर प्रकल्प साठ सेकंद मागे गेला आहे.

ज्या समितीपुढे हे काम गेले तिने दोन सूचना केल्या. लांबी पाच मिनिटांवर आणावी. आणि गायकाची बोली समजत नसल्याने वर प्रमाण हिंदीतून निवेदन घालावे. सूचना सद्भावनेच्या होत्या. परंतु त्यांपैकी दुसरी मला अधिक चिंताजनक वाटते. बब्बांची भाषा म्हणजे मंडला-दिंडोरीकडील हिंदीची बोली, मध्ये मध्ये गोंडी शब्द. ती जबलपूरच्या श्रोत्याला निम्मी कळते आणि निम्मी निसटते. निवेदन घातले की निम्मी कळणारी भाषा पूर्ण ऐकूच येईनाशी होईल. विदर्भ आणि आदिलाबादकडील परधानांचे उदाहरण येथे आठवते. त्यांच्यांत घरची भाषा मराठी आणि राजगोंडांच्या कथा मात्र गोंडीत गायच्या, अशी रीत अभ्यासकांनी नोंदविली आहे. बोलायची भाषा एक आणि गायची दुसरी, हे ज्या समाजाला शतकानुशतके अवघड वाटले नाही त्याच्या गाण्यावर निवेदनाचे पांघरूण कशाला घालायचे? पडद्याच्या तळाशी अनुवादाच्या ओळी द्याव्यात, आणि तो अनुवाद साहित्याच्या विद्यार्थ्यांनी करावा. तौलनिक साहित्याचा पदवीधर ज्यासाठी शिकतो ते काम हेच आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. चित्रपट हे स्वतंत्र माध्यम आहे. त्याला गाण्याचे दास्य कशासाठी? गायक स्वतः दर खेपेस गाणे लांबवितो वा आखडतो; मग विद्यार्थ्याने आखडले तर पाठ बिघडला असे का म्हणावे? मौखिक साहित्यात मूळ संहिता नसते, हे तर आपणच वर्गात शिकवितो. आक्षेपातील पूर्वार्ध मला मान्य आहे. ज्या चित्रकाराला परधानांच्या गाण्यावरून स्फुरण घेऊन स्वतःची कृती करायची आहे त्याने ती खुशाल करावी. फक्त तिला गायकाचा आवाज म्हणून पुढे ठेवू नये. उत्तरार्धाचे उत्तर नऊ मिनिटांच्या त्या गाण्यात आहे. गायक आखडतो तेव्हा कशाच्या बदल्यात काय सोडावे हे तो जाणतो. मूळ संहिता नसली तरी निवडीचे नियम असतात, आणि ते नियम हाच मौखिक पाठाचा सर्वांत टिकाऊ भाग असतो. विद्यार्थ्याने केलेली काटछाट त्या नियमांच्या अज्ञानातून झाली होती. अज्ञानातून झालेल्या काटछाटीला हस्तलिखितांच्या अभ्यासात आपण लेखनिकाचा प्रमाद म्हणतो. त्याला नवी शाखा म्हणत नाही.

तेव्हा व्यवहारात काय करावे? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, अशा प्रत्येक प्रकल्पाबरोबर संपूर्ण ध्वनिमुद्रण आणि त्याचे लिप्यंतर ग्रंथालयात जमा झाले पाहिजे, आणि चित्रपटात काय गाळले त्याची नोंद त्यासोबत असली पाहिजे. दुसरी, काटछाट करावयाची झाल्यास ती गायकाने करावी, त्याचे नाव चित्रपटाच्या कर्त्यांत असावे आणि मानधनाचा हिशेब लेखी असावा. ज्या परंपरेत दानाचा संबंध इतका नेमका होता तिच्या वारसाला 'आभार' ह्या एका शब्दावर बोळविणे आपल्याला शोभत नाही. तिसरी, परीक्षकांमध्ये एक साहित्याचा, एक संगीताचा आणि एक त्या समाजातील जाणकार असावा. ह्यांतील एकही गोष्ट खर्चिक नाही.

हे सारे न केल्यास काय होईल ह्याचा अंदाज बांधणे कठीण नाही. गोंड चित्राला आज बाजारात मागणी आहे. ते पिशव्यांवर, भिंतींवर, रेल्वेस्थानकांवर दिसते. बानाला तशी मागणी नाही. हलत्या चित्रांचे तंत्र दिवसेंदिवस स्वस्त होत आहे आणि काही काळाने पाच मिनिटांचा मोर उघडायला पाच विद्यार्थीही लागणार नाहीत. त्या मोराखाली एखाद्या वृद्धाच्या आवाजाचा तुकडा सोयीपुरता वाजत राहील, आणि ते ऐकणाऱ्याला परधानांचे गाणे आपण ऐकले असे वाटेल. गाणे लोपले तर त्याचा अभाव निदान जाणवतो. असे अर्धवट उरले तर तेही जाणवणार नाही.

हिवाळे परधानांत राहिले तेव्हा त्यांच्यापाशी वही होती. आमच्या मुलांपाशी त्याहून बरेच काही आहे : आवाज जसाच्या तसा टिपणारे यंत्र, श्वासाची जागा सेकंदाच्या चोविसाव्या भागापर्यंत दाखविणारा तक्ता, आणि विचारले तर उत्तर देणारे बब्बा. विचारायला मात्र हवे, आणि विचारण्याची सवय लावणे हे शिक्षकांचे काम आहे. त्यात पहिल्या खेपेस मीही कमी पडलो.

नवे चार मिनिटांचे काम बब्बांनी अजून पाहिलेले नाही. पिके घरात आली की मुले ते घेऊन दिंडोरीकडे जाणार आहेत. अहवालाच्या रकान्यात मी 'दोनशेचाळीस' असा आकडा लिहिला आणि खाली एक ओळ जोडली : गायकाची संमती मिळेपर्यंत हा आकडा तात्पुरता समजावा.